सर ओरडतात म्हणून खो-खो सोडायचा का?

प्रश्न : माझी मुलगी तेरा वर्षांची आहे, आठवीत शिकते. तीन वर्षांपासून गावातल्या मंडळात खो-खो खेळते. गेल्या वर्षी शाळेचा संघ विभागापर्यंत गेला होता. यंदा मंडळात नवे सर आले. मेहनत भरपूर घेतात, पण सतत ओरडतात. चूक झाली की सगळ्यांसमोर ‘अक्कल गहाण ठेवलीस का’, ‘म्हशीसारखी उठतेस’ असं बोलतात. हरल्यावर सगळ्या संघाला फेऱ्या मारायला लावतात. आता सरावाच्या दिवशी तिचं पोट दुखतं. तिचे बाबा म्हणतात, खेळात एवढं चालायचंच, आचरेकर सरांनीही सचिनला कानाखाली दिली होती, म्हणून तर तो घडला. खेळ सोडला तर दहावीचे सवलतीचे गुण जातील, पुढे खेळाडू कोट्यातली नोकरीही जाईल, अशी भीती वाटते. काय करावं?
– एक आई, सोलापूर जिल्हा

उत्तर : ताई, आधी पोटदुखीचं बघा. सरावाच्या दिवशी दुखतं आणि सुट्टीच्या दिवशी दुखत नाही, असं दोन-तीन आठवडे चाललं असेल तर ते नाटक समजू नका. एकदा डॉक्टरांना दाखवा, पाळीचं काही असेल तर तेही त्यांना सांगा. तपासणीत काही निघालं नाही, तर ते दुखणं भीतीचं आहे. भीतीने पोट खरंच दुखतं. खेळ सोडायचा निर्णय मात्र इतक्यात घेऊ नका. तिला खो-खो नकोसा झालाय की सरांसमोर जाणं, हे आधी कळायला हवं. गल्लीत किंवा शाळेच्या मैदानावर मैत्रिणींबरोबर ती अजून मनापासून पळत असेल, तर खेळ शाबूत आहे.

आता ओरडण्याविषयी. खो-खोचं मैदान २७ मीटर लांब असतं, कडेला गोंगाट असतो. सरांना आवाज चढवावाच लागतो, त्यात गैर काही नाही. ‘खांबाकडे!’, ‘खाली बस!’, ‘खो उशिरा!’ हे ओरडणंच आहे, पण त्यात सूचना आहे. ऐकून मुलीला पुढचं पाऊल कळतं. ‘अक्कल गहाण ठेवलीस का’ या वाक्यातून तिला काय करायचं ते कळतं का? वेळेवर या, मोबाईल पिशवीत ठेवा, चुकलं तर पुन्हा करा, असं बजावणारे सर कडक असतात. ते हवेतच. प्रश्न अपमानाचा आहे.

म्हणून आधी मोजा. वही घेऊन तीन सराव कडेला बसा, शक्यतो एक सराव हरलेल्या सामन्यानंतरचा असू द्या. चार रकाने आखा : काय करायचं ते सांगितलं, शाबासकी दिली, नुसतं ओरडले, अपमान केला. प्रत्येक वेळी एक रेघ. दुसऱ्या पानावर एवढंच लिहा, की ओरडल्यानंतरच्या लगेचच्या खेपेला मुलींनी काय केलं. हा मोजमापाचा प्रकार नवा नाही. अमेरिकेतले विख्यात बास्केटबॉल प्रशिक्षक जॉन वुडन यांचे पंधरा सराव १९७४-७५ च्या हंगामात दोन मानसशास्त्रज्ञांनी असेच बसून टिपले. एकूण २,३२६ नोंदी झाल्या. त्यांतल्या सुमारे ७५ टक्के निव्वळ माहितीच्या होत्या : काय कर, कसं कर. कौतुक ७ टक्क्यांच्या आसपास आणि नाराजीही साधारण तेवढीच. वुडन कडकच होते, पण रागावले तरी त्याच दमात बरोबर काय ते सांगायचे. तुमच्या वहीत सूचनांचा रकाना सगळ्यांत भरलेला निघाला, तर सरांशी बोलून काम होईल. शेवटचे दोन रकाने भरले, तर दुसरं मंडळ शोधायची तयारी ठेवा.

अपमानाने खेळ कसा बिघडतो, ते खो-खोत उघड्या डोळ्यांनी दिसतं. चौकात बसलेल्या मुलीला मागून हाताचा स्पर्श आणि ‘खो’ हा शब्द एकदमच मिळायला हवा. त्याआधी ती उठली तर फाउल. उठल्यावर एकदा दिशा पकडली की बदलायची नाही, मध्य रेषा ओलांडायची नाही. हे सगळं क्षणभरात ठरवायचं असतं आणि त्यासाठी कान मागे, डोळे संरक्षकावर, म्हणजे पळणाऱ्या गड्यावर, लागतात. जिला शिवीची धास्ती आहे, तिचं अर्धं लक्ष कडेला उभ्या सरांकडे असतं. मग ती घाईने खो देते, लवकर उठते किंवा अडखळते, आणि पुन्हा बोलणी खाते. नुसतं जोरात पळायचं काम असेल तर दमदाटीने क्षणभर वेग वाढतोही. पण जिथे बारीक निर्णय घ्यायचे असतात, तिथे ताण एका मर्यादेपलीकडे गेला की कामगिरी घसरते, हे मानसशास्त्रात शंभर वर्षांहून जुनं निरीक्षण आहे.

दुसरा परिणाम हळू दिसतो. मुली धोका पत्करणं सोडतात. खांबात सूर मारून गडी टिपणं चुकण्याची शक्यता मोठी, म्हणून ती सूरच मारत नाही. सरावात सुरक्षित खेळणारी मुलगी सामन्यात नवं काही काढू शकत नाही. तिसरा परिणाम मला सगळ्यांत घातक वाटतो : दुखापत लपवणं. या वयात मुलींची उंची झपाट्याने वाढते, महिन्यामहिन्याला पायांचा अंदाज बदलतो. गेल्या वर्षीची हुलकावणी यंदा उशिरा पडते, गुडघ्याच्या वाटीखाली किंवा टाचेत दुखू लागतं. ‘म्हशीसारखी उठतेस’ म्हणणाऱ्या सरांना कदाचित हेच दिसत असेल आणि ते त्याला आळस समजत असतील. तिची उंची दर महिन्याला भिंतीवर खूण करून मोजा. तीन महिन्यांत दोन-अडीच सेंटिमीटर वाढली असेल, तर सरांना ते जरूर सांगा. आणि मुलीला विचारा, दुखतंय असं सरांना सांगायची भीती वाटते का?

मग इतके सर ओरडतात तरी का? कारण त्यांना ते उपयोगी पडताना दिसतं. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन यांना इस्रायली हवाई दलातले प्रशिक्षक हेच सांगत : शाबासकी दिली की पुढची खेप बिघडते, झापलं की सुधारते. कानेमन यांनी दाखवून दिलं, की झापलं नसतं तरी ती सुधारलीच असती. समजा तुमची मुलगी सरासरी दीड मिनिट संरक्षण करते. एखाद्या दिवशी ती चाळीस सेकंदांत बाद झाली. पुढच्या खेपेला ती तिच्या नेहमीच्या वेळेकडे परत येणार, हे जवळजवळ ठरलेलं. मधे सर ओरडले, तर श्रेय ओरडण्याला जातं. एखाद्या दिवशी अडीच मिनिटं खेळली आणि सरांनी पाठ थोपटली, तर पुढची खेप बहुतेक कमीच भरणार, आणि सरांना वाटणार, कौतुकाने डोक्यात हवा गेली. दुष्टपणा नाही हा, हिशेबातली गल्लत आहे. सरांशी बोलताना हे ध्यानात असू द्या, सूर आपोआप सौम्य राहतो.

बाबांच्या मुद्द्याला उत्तर द्यायलाच हवं. सचिनने स्वतः सांगितलेली ती गोष्ट खरी आहे : सामना सोडून तो शाळेचा दुसरा सामना बघायला गेला आणि सरांकडून थप्पड खाल्ली. पण त्याच आचरेकर सरांचं स्टंपवरचं एक रुपयाचं नाणं बाबांना आठवतं का? जो गोलंदाज बाद करील त्याला नाणं, सचिन नाबाद राहिला तर सचिनला. दमलेल्या मुलाकडून शेवटच्या मिनिटापर्यंत लक्ष देऊन फलंदाजी करून घ्यायची ती पद्धत होती. एका मुलाला दिवसात अनेक सामन्यांत फलंदाजी मिळावी म्हणून ते त्याला या मैदानावरून त्या मैदानावर नेत. सचिन घडला तो या कामामुळे. शिवाय थपडा खाऊन मैदान सोडलेल्या पोरांच्या मुलाखती कोणी घेत नाही, त्यामुळे त्यांचा हिशेब आपल्याला दिसतच नाही.

तो हिशेब एकदा अमेरिकेत केला गेला. मुलांच्या बेसबॉलच्या काही प्रशिक्षकांना हंगामाआधी साधं प्रशिक्षण दिलं : चांगलं केलं की बोलून दाखवा, चुकल्यावर धीर द्या आणि दुरुस्ती सांगा, शिक्षा करू नका. पुढच्या वर्षी त्यांच्या संघांतली ५ टक्के मुलं खेळ सोडून गेली, नेहमीच्या प्रशिक्षकांकडची २६ टक्के. १९९२ सालचा हा अभ्यास आहे. दोन्हीकडच्या हार-जितीत मात्र फरक नव्हता, म्हणजे सौम्य वागण्याने संघ हरतात असंही नाही.

आता काय करायचं? मुलीशी बोला, पण ‘सर कसे आहेत’ असं विचारू नका. ‘आज सरावात सगळ्यांत बरं कधी वाटलं आणि कधी पळून जावंसं वाटलं’ असं विचारा. तिला एक वाक्य शिकवा : बोलणी बसली की ‘सर, पुढच्या खेपेला काय करू?’ असं विचारायचं. बऱ्याच सरांचा पारा या प्रश्नाने उतरतो, कारण आता त्यांना शिकवावं लागतं.

सरांकडे तुम्ही दोघांनी मिळून जा. सामन्यानंतर नको, मैदानावर इतर पालकांसमोर नको, मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर मुळीच नको. आधी वेळ मागा. ‘तुम्ही ओरडता’ अशी सुरुवात केली की दार बंद. असं म्हणता येईल : ‘सर, काय करायचं ते तुम्ही सांगता तेव्हा तिला लगेच जमतं. सगळ्यांसमोर बोललात की ती दोन दिवस गप्प होते. चूक बाजूला घेऊन सांगाल का? आणि फेऱ्यांऐवजी चुकलेली गोष्ट दहा वेळा करून घ्याल का?’ मागण्या दोनच ठेवा. तीन-चार आठवडे थांबा, मग वही घेऊन पुन्हा एक सराव बघा. फरक नसेल तर मंडळाच्या अध्यक्षांना लेखी द्या : तारीख, उच्चारलेले शब्द, बस्स. विशेषणं टाळा.

काही गोष्टींत मात्र एक दिवसही थांबायचं नाही : मारणं, पाणी न देणं, दुखापतीवर पळवणं, वजनावरून जेवण तोडायला लावणं, रात्री एकटीला मेसेज करणं, नकोसा स्पर्श. सराव तिथेच थांबवा. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन चोवीस तास चालते. लैंगिक प्रकार असेल तर पोक्सो कायद्याप्रमाणे ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, मंडळाने ‘आपसात मिटवू’ म्हटलं तरी. हे सर शाळेतही शिकवत असतील, तर शिक्षणहक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी घालतं. मुख्याध्यापकांना ते माहीत असतं.

राहिली गुणांची आणि नोकरीची भीती. शालेय स्पर्धांत मुलगी शाळेकडून खेळते, मंडळाकडून नाही. मंडळ बदललं तरी तालुका, जिल्हा, विभाग हा शालेय रस्ता तसाच राहतो. सवलतीच्या गुणांसाठी यंदा कोणता स्तर आणि कोणती मुदत धरली आहे, ते शाळेतल्या क्रीडा शिक्षकांकडून किंवा जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयातून लिहून घ्या. खो-खो संघटनेच्या निवड चाचण्यांचं वेगळं असतं. तिथे एका मंडळातून दुसऱ्या मंडळात जाण्याचे नियम असतात, म्हणून हंगामाच्या मध्ये उडी न मारता आधी जिल्हा संघटनेच्या सचिवांना विचारा. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के समांतर (म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या आतच धरलेलं) आरक्षण आहे हे खरं, पण ते वरच्या पातळीच्या कामगिरीवर मिळतं आणि प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा विभागाच्या विभागीय उपसंचालकांकडे होते. तेराव्या वर्षीच्या विभागीय प्रमाणपत्रावर नोकरी ठरत नाही. तिला किशोरी (चौदा वर्षांखालच्या) गटातून पुढे अठरा वर्षांखालच्या गटात जायचंय, नंतर खुल्या गटात. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला पहिला विश्वचषक जिंकणाऱ्या महिला संघाची कर्णधार प्रियांका इंगळे महाराष्ट्राचीच. तिथवर पोचायला मुलगी सतराव्या, अठराव्या वर्षीही मैदानावर असावी लागते.

दुसरं मंडळ बघायला गेलात, तर सर्टिफिकिटं आणि ढाली मोजू नका. थेट सरावात जा आणि दोनच गोष्टी बघा : दुखतंय म्हणून बाजूला बसलेल्या मुलीशी सर कसं बोलतात, आणि सोळा-सतरा वर्षांच्या किती मुली अजून तिथे खेळतायत. सगळ्या बारा-तेराच्याच असतील, तर मोठ्या कुठे गेल्या ते विचारा.