वाफा तुमचा, बोका शेजारचा

तुमचं पत्र थोडक्यात असं: घरामागे तुम्ही पालेभाज्यांचा वाफा केलाय आणि शेजारच्या काकूंचा बोका रोज पहाटे त्यात येऊन घाण करून जातो. मागच्या दाराच्या कोपऱ्याला आणि पायपुसण्याला उग्र वास येतो, फिनाईलने धुतलं तरी दोन दिवसांत परत तेच. काकूंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, ‘मांजराला काय दावं बांधू?’ तुमच्या यजमानांनी डांबरगोळ्या आणून ठेवल्यात. तुम्हाला चौथा महिना आहे. आणि लग्न होऊन या घरात आल्यापासून काकूंनीच लेकीसारखं सांभाळलंय, त्यामुळे भांडायचं नाही, पण सहनही होत नाही.

आधी त्या डांबरगोळ्या घराबाहेर काढा. त्यातलं नॅफ्थलीन हवेत मिसळतं, नाकावाटे शरीरात जातं आणि रक्तातल्या तांबड्या पेशींची हानी करतं. मांजराला ते फार लवकर बाधतं, पण गरोदर बाईनेही त्या वासात वावरू नये. शिवाय ज्या मातीतली भाजी खायची तिच्यात ते मिसळणार! तिखटाची पूडही नको. ती पंजाला लागते, पंज्याने डोळा चोळला जातो, जनावर तळमळतं. आणि एक सर आली की पूड वाहून जाते, बोका पुन्हा हजर. लिंबू-संत्र्याच्या सालींनी फारतर एक-दोन दिवस फरक पडतो.

आता तुमच्या तब्येतीचं. मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी येऊ शकतो आणि गरोदरपणात त्याची पहिल्यांदाच लागण झाली तर बाळापर्यंत पोचू शकतो. प्रत्येक मांजर तो सतत बाहेर टाकत नाही. बहुतेक वेळा पहिल्यांदा लागण झाल्यावर एक ते तीन आठवडेच. ताजी विष्ठा लगेच संसर्ग देत नाही, त्याला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून ती चोवीस तासांच्या आत उचलली जाणं महत्त्वाचं. पण ओलसर मातीत हा परजीवी वर्षभरही टिकतो, त्यामुळे बाळंतपण होईपर्यंत त्या वाफ्यात उघडा हात घालू नका. फावडं, हातमोजे आणि रोजची सफाई यजमानांकडे. डांबरगोळ्या आणण्याइतका उत्साह असलेल्या माणसाला हे काम जड जाऊ नये. उचललेली घाण कंपोस्टमध्ये टाकायची नाही. त्या वाफ्यातली भाजी नीट धुऊन, शिजवूनच खा, आणि पुढच्या तपासणीला डॉक्टरांच्या कानावर घाला. रक्त तपासायचं की नाही ते त्या ठरवतील. बोक्याला नुसतं कुरवाळल्याने लागण होण्याची शक्यता फार कमी, तेव्हा तो दिसला की दचकायचं कारण नाही.

तुमच्या पत्रात दोन वेगळी दुखणी एकत्र झालीत. वाफ्यातली घाण हे शौचालय आहे. दाराच्या कोपऱ्यातला वास म्हणजे हद्दीची खूण. बोका भिंतीकडे पाठ करून उभा राहतो, शेपूट वर करून थरथरवतो आणि मागे थोडीशी धार सोडतो. डाग जमिनीपासून वीतभर उंचीवर मिळतो. दोन्हींवर एकच उपाय करणं म्हणजे दुखणं म्हशीला, औषध पखालीला.

वाफ्यापासून सुरुवात करू. बोका तिथे येतो कारण तुम्ही माती छान भुसभुशीत, कोरडी आणि खडे वेचून ठेवलीय. मांजराला उकरायला याहून चांगलं काय हवं? वर कोकोपीट किंवा लाकडाचा भुसा पसरला असेल तर मग विचारूच नका, घरातल्या मांजरांच्या शौचाच्या पेटीत माणसं तेच घालतात.

जिथे घाण सापडते तिथली वरची पाच-सात सेंटीमीटर माती काढून टाका; जुना वास राहिला तर बोलावणं राहिलंच. मग जस्ताचा मुलामा दिलेली कोंबडीजाळी घ्या, भोक एक इंचाचं. दोन इंची भोकातून पंजा आत जातो आणि तो उकरत राहतो. प्लास्टिकची सैल जाळी अजिबात नको, तिच्यात नखं, पक्षी, सरडे सगळे अडकतात. जाळी वाफ्यापेक्षा चारी बाजूंनी वीतभर मोठी कापा. कापलेल्या तारेची टोकं खाली वळवा, नाहीतर पहिलं रक्त तुमच्याच बोटाचं निघेल. जाळी मातीवर सपाट पसरून कडा खाली दाबा आणि जाड तारेच्या यू आकाराच्या, पंधरा सेंटीमीटर लांब खिळ्यांनी दर फुटावर ठोका. वर बोटाच्या पेराएवढी माती टाका. पेरलेलं बी त्यातून सहज वर येतं. लावलेल्या रोपांसाठी कात्रीने अधिक चिन्हासारखी चीर द्या आणि रोप वाढेल तशी ती मोठी करा, नाहीतर तार खोडात रुतते.

हे काम फसतं ते बहुतेक कडेला. मध्ये जाळी घट्ट आणि एक कोपरा सुटा राहिला की बोक्याला तेवढा पुरतो. कंदमुळं लावली असतील तर मात्र जाळी नको, उपटताना रडाल. तिथे दहा-दहा सेंटीमीटरवर बोथट काटक्या रोवा, म्हणजे त्याला वळून बसायला जागा मिळत नाही. संध्याकाळी पाणी दिलं तर आणखी बरं, ओली माती त्याला नको असते. हालचाल टिपून पाण्याचा फवारा सोडणारं यंत्र चांगलं काम देतं, फक्त त्याचं तोंड बोक्याच्या वाटेला आडवं ठेवा. थेट समोरून येणारं जनावर सेन्सरला उशिरा कळतं. माणसाला ऐकू न येणारा आवाज काढून मांजर पळवणाऱ्या ‘अल्ट्रासॉनिक’ डब्यांवर माझा फारसा भरवसा नाही. काही मांजरं त्यांच्या शेजारीच झोपतात.

आता कोपरा. फिनाईलमधली फिनॉलच्या जातीची द्रव्यं मांजराच्या यकृताला पचवता येत नाहीत, आणि पंज्याला लागलेलं ते चाटून पोटात जातं. अमोनिया असलेलं क्लीनर त्याला मूत्रासारखंच वाटतं, म्हणून तो त्यावर पुन्हा आपली सही करतो. ब्लीच तर मूत्रावर ओतूच नका, त्यातून विषारी वायू निघतो आणि तुम्ही तो ओणवं होऊन हुंगणार. वास परत येतो तो मूत्रातल्या यूरिक आम्लाच्या खड्यांमुळे. ते पाण्यात सहजासहजी विरघळत नाहीत. हवा दमट झाली की पुन्हा बोलू लागतात. त्यांना तोडायला एंझाइम असलेलं क्लीनर लागतं. ते नसेल तर एंझाइमवाली कपड्यांची पावडर एक भाग आणि कोमट पाणी नऊ भाग. उकळतं पाणी घेतलंत तर एंझाइम मरतात. आधी साध्या पाण्याने फिनाईलचा अंश पूर्ण काढा, तोही एंझाइमला मारतो. मग द्रावण डागाच्या दुप्पट जागेत भरपूर घाला, भिंतीवरून ओघळून फटीत जाऊ द्या, वर प्लास्टिक टाकून निदान पंधरा मिनिटं ओलं ठेवा. लोक इथेच घाई करतात, दोन मिनिटांत पुसतात आणि क्लीनरला दोष देतात. शेवटी साध्या पाण्याने धुऊन आपोआप वाळू द्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा. डाग नक्की कुठे आहे ते कळत नसेल तर अंधारात अतिनील टॉर्च मारा, जुनं मूत्र पिवळट-हिरवं चमकतं. कपड्यांची पावडरही चमकते, पण निळी, म्हणून टॉर्च धुण्याआधी मारा. पायपुसणं मात्र टाकून द्या.

काकूंशी बोलायच्या आधी एक खात्री: तो त्यांचाच बोका आहे ना? चार-पाच रात्री मोबाइल खिडकीत लावून चित्रण करा. दुसरंच एखादं मांजर निघालं तर काकूंपुढे तोंडघशी पडाल.

त्यांचाच असेल, तर घाण सापडली त्या क्षणी त्यांच्या दारात जाऊ नका. सावकाश संध्याकाळी जा आणि तक्रारीने नाही, पोटातल्या बाळापासून सुरुवात करा. ‘काकू, चौथा महिना लागलाय, आणि मांजराच्या घाणीतून बाळाला बाधा होऊ शकते. मला तुमची मदत हवीय.’ मग दोनच मागण्या. पहिली, त्यांच्या अंगणात आडोशाच्या कोपऱ्यात दोन फूट लांब, दोन फूट रुंद, फूटभर खोल वाळूचा खड्डा. तुमच्या वाफ्यातून काढलेली वासाची माती त्यात मिसळायची, आणि घाण रोज उचलायची. अस्वच्छ खड्डा मांजरही वापरत नाही. दुसरी, बोक्याचं खच्चीकरण. हद्दीच्या धारा त्याने दहातल्या साधारण नऊ बोक्यांत थांबतात किंवा खूप कमी होतात, पण दुसऱ्या दिवसापासून नव्हे. हार्मोन ओसरायला काही आठवडे जातात. हे काकूंना आधीच सांगा, नाहीतर ‘उगीच कापाकापी केली’ हे तुम्हाला ऐकावं लागेल. दावं बांधायचा विषय तुम्ही काढूच नका. त्या बोलल्या ते खोटं नाही, मांजर बांधून राहत नाही.

तुम्ही शेवटी विचारलंय की काकूंना न सांगता जाळी टाकली तर त्यांना राग येईल का. न सांगता टाकूच नका. कोंबडीजाळीची गुंडाळी उलगडली की सटकन परत मिटते, एकट्याने कापता येत नाही. यजमान कात्री धरतील, तुम्ही वाकायचं नाही. दुसरं टोक धरायला काकूंनाच हाक मारा.