घराचा हप्ता डोक्यावर असताना तत्त्वांनी नोकरी करता येते का?

तुम्ही विचारलंय की टार्गेटसाठी लोकांच्या गळ्यात नको ते मारावं लागतं, मनाला पटत नाही, पण मुंबईत घराचा हप्ता आहे तर करायचं काय. माझ्या मते जमतं, पण नुसतं "प्रामाणिक राहीन" असं ठरवून नाही जमत, नेमकं काय करणार नाही ते ठरवावं लागतं आणि तेही मार्च एन्ड यायच्या आधी.

मी दादरला एका बँकेच्या ब्रँचमध्ये आहे. रिटायर झालेले आजी-आजोबा एफडी रिन्यू करायला येतात आणि वरून प्रेशर असतं की यांना युलिप द्या, म्हणजे विमा आणि मार्केटमधली गुंतवणूक एकत्र असलेली पॉलिसी. आता युलिपला 5 वर्षं लॉक-इन, पैसे मार्केटमध्ये, त्यात चार्जेस कापले जाणार, मग पंचाहत्तरीच्या माणसाला मधेच हॉस्पिटलसाठी लागले तर त्याने काढायचे कुठून? म्हणून ज्यांचं घर व्याजावर चालतं त्यांना मी हे विकत नाही म्हणजे नाही. सिनियर सिटिझन सेव्हिंग्ज स्कीम आहे ना, 30 लाखांपर्यंत ठेवता येतात, दर तिमाहीला व्याज येतं, तेच सांगते. आणि ज्यांना खरंच पॉलिसी हवीय त्यांना सहीच्या आधीच सांगते की कागद हातात आल्यापासून 30 दिवसांत परत करता येते. त्याने कधी कधी हातातलं गिऱ्हाईक जातं, मॅनेजर चिडतात, इन्सेंटिव्ह कमी येतो, अप्रेझलला ऐकून घ्यावं लागतं. हे सगळं होतं, आणि ते धरूनच चालायचं.

म्हणूनच मला वाटतं की पैशाची सोय आधी बघावी. सहा महिन्यांचे हप्ते आणि घरखर्च बाजूला असला की "सर, हे मी नाही करणार" म्हणताना आवाज कापत नाही. आम्ही डोंबिवलीला वन बीएचकेच घेतला तो याचसाठी, लोकलची गर्दी सोसते मी.

सी. डी. देशमुखांनी मुंबई महाराष्ट्राला द्यायची नाही या धोरणाविरोधात 1956 मध्ये अर्थमंत्रीपद सोडलं. लोक म्हणतात मोठ्यांना परवडतं, पण मला त्यांचं हे फार महत्त्वाचं वाटतं की कशासाठी खुर्ची सोडायची हे त्यांना पक्कं माहीत होतं.

तुम्ही मात्र लगेच राजीनामा देऊ नका. आधी ऑपरेशन्सला, म्हणजे विक्रीऐवजी आतल्या कामकाजाच्या विभागात, बदली मागून बघा. आणि कोणी तोंडी चुकीचं काम सांगितलं तर शांतपणे म्हणा, "सर, मेल टाकता का?", बरेचदा तो मेल येत नाही आणि विषय तिथेच थांबतो.