युझर रिसर्च ऑपरेशन्स म्हणजे संशोधकांसाठी फोन लावण्याचे काम का? कोल्हापुरात राहून ते स्वीकारावे का?

तुम्ही लिहिले आहे की समाजशास्त्रात एम.ए. झाल्यावर एका तंत्रज्ञान कंपनीकडून या पदासाठी विचारणा आली आहे, आणि ‘यात संशोधन कुठे आहे, हे तर फोन लावून वेळा ठरवण्याचे काम’ असे तुमच्या परिचितांचे म्हणणे आहे. हेच वाक्य मी माझ्या कामाबद्दल चारचौघांत ऐकून घेतलेले असल्यामुळे सविस्तर लिहिते.

युझर रिसर्च म्हणजे एखादे उत्पादन वापरणाऱ्यांशी बोलून केलेला अभ्यास, आणि त्याचे ऑपरेशन्स म्हणजे त्यासाठी योग्य सहभागी शोधणे, भेटी ठरवणे, संमती आणि मानधन यांची व्यवस्था पाहणे. माझे मत असे की, कोणाशी बोलायचे हे ज्याने ठरवले, त्याने अभ्यासाचा अर्धा निष्कर्ष ठरवलेला असतो. केट टाउसी यांनी २०१८ मध्ये या कामातल्या लोकांना एकत्र आणले तेव्हापासून ‘रिसर्चऑप्स’ हे नाव सर्वत्र रुळले. पण नाव रुळले म्हणून मान मिळाला असे झालेले नाही.

मी ज्या कंपनीत होते तिचे ॲप छोट्या दुकानदारांच्या उधारीची नोंद ठेवण्यासाठी होते. दुकानदार ते हौसेने घेत, काही आठवडे नोंदी करत आणि पुन्हा वहीकडे वळत. हे का होते ते समजून घेण्यासाठी बेंगळुरूहून संशोधकांचा चमू कोल्हापुरात आला होता आणि सहभागी मिळवून देण्याचे काम एका एजन्सीला दिलेले होते. एजन्सीच्या प्रश्नावलीत ‘तुमचे किराणा दुकान आहे का?’ असा सरळ प्रश्न होता. मानधन मिळणार हे माहीत असलेला मनुष्य त्याला ‘हो’ म्हणणारच. म्हणून यादीतल्या प्रत्येकाला मी स्वतः फोन केला आणि माल कुठून भरता, साखरेचे पोते शेवटचे कोणत्या भावाने घेतले, कंपन्यांचे लोक ऑर्डर घ्यायला कोणत्या वारी येतात, असे विचारले. राजारामपुरीत दुकान असल्याचे सांगणाऱ्या एका गृहस्थांना यातले काहीच सांगता आले नाही. उलट बोलता बोलता त्यांनी मागच्या एका अभ्यासात आपण रिक्षाचालक म्हणून बसलो होतो, हेही सांगून टाकले.

मी त्यांचे सत्र रद्द केले. त्यावर चमूच्या प्रमुखांनी सर्वांसमोर मला ऐकवले की, माणसे आणून बसवणे एवढेच तुमचे काम आहे, ती योग्य आहेत की नाहीत ते आम्ही पाहू. मी सत्र रद्दच ठेवले. वापरसुलभतेचे (उत्पादन वापरायला किती सोपे आहे याचे) अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००० साली मांडलेला ‘पाच वापरकर्ते पुरेसे’, म्हणजे पाच जणांवर चाचणी घेतली तरी बहुतेक अडचणी समजतात, हा हिशेब हेच प्रमुख प्रत्येक बैठकीत सांगत असत. तो हिशेब मुळात वापरसुलभतेच्या चाचणीपुरता आणि एकसारख्या वापरकर्त्यांच्या गटापुरता आहे, हे बाजूला ठेवू. पण पाचांवरच सारी भिस्त ठेवायची असेल तर एक बनावट सहभागी म्हणजे एक पंचमांश पुरावा खोटा, एवढे तरी मान्य करायला हवे होते.

लक्ष्मीपुरीतल्या एका घाऊक व्यापाऱ्यांमार्फत, आधी विचारून घेऊन, मी फुलेवाडीतल्या एका किराणा दुकानदार बाईंशी संपर्क साधला. भेट दुपारी अडीचला ठेवली, कारण सकाळी दुधा-पावाची आणि संध्याकाळी कामावरून परतणाऱ्यांची गर्दी असते. चमूने आग्रहाने मागितलेल्या अकराच्या वेळेला चालत्या दुकानाचा मालक गल्ला सोडून तासभर बोलत बसेल, हे ज्यांनी दुकान फक्त आराखड्यात पाहिले आहे त्यांनाच वाटू शकते. त्या दुकानात जे समजले ते कोणत्याही यादीतून समजले नसते. गल्ल्यावर दिवसभरात सासू, सून आणि शाळेतून आलेला मुलगा असे तिघे आळीपाळीने बसत होते, आणि ॲप असलेला एकुलता फोन यजमानांबरोबर शिरोलीच्या कारखान्यात जात होता. उधारी लिहायच्या वेळी हाताशी असायची ती वहीच. अंतिम अहवालाचा मुख्य निष्कर्ष यावरच उभा राहिला, आणि त्यात या भेटीची व्यवस्था कोणी केली याचा उल्लेख नव्हता.

त्याच भेटीत संमतीचाही प्रश्न निघाला. कायदा विभागाने दिलेला संमतीपत्राचा नमुना इंग्रजीत होता. मी तो मराठीत करून घेतला होता आणि बाईंना वाचून दाखवला. वहीच्या पानांचे फोटो काढायचे म्हटल्यावर त्यांनी विचारले, “ताई, ह्यात गल्लीतल्या लोकांची नावं हायत, ती कुणाला दिसणार न्हाईत न्हवं?” त्यांनी स्वतःची संमती दिली होती, वहीतल्या उधारदारांनी दिलेली नव्हती. मी नावांचा रकाना कागदाने झाकूनच फोटो काढू दिले. याही गोष्टीवरून ‘अनावश्यक अडथळा’ असा शेरा मिळाला. आज तोच मुद्दा मांडायला कायद्याचा आधार आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार संमतीची विनंती सोप्या भाषेत हवी, ती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय हवा आणि दिलेली संमती मागे घेणे ती देण्याइतकेच सोपे हवे. याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. या पदावर असाल तर ही व्यवस्था प्रत्यक्षात तुम्हालाच उभारावी लागेल.

मानधनाचेही तसेच. ऑनलाइन खरेदीचे कूपन देणे लेखा विभागाला सोयीचे असते. पण ज्या घरात फोन दिवसभर दुसऱ्याच्या खिशात असतो तिथे पावतीवर सही घेऊन त्याच दिवशी दिलेली रोख रक्कमच खरी. या एका मुद्द्यासाठी मी बरीच पत्रापत्री केली आणि ती सार्थकी लागली.

तेव्हा परिचितांचे म्हणणे बाजूला ठेवा आणि मुलाखतीत थेट विचारा: सहभागी संशयास्पद वाटला तर सत्र रद्द करण्याचा अधिकार कोणाचा? एकाच व्यक्तीला पुन्हा बोलावण्याआधी किती काळ जाऊ देता? ध्वनिमुद्रणे कोण ऐकू शकतो आणि ती केव्हा पुसली जातात? अहवालात ऑपरेशन्सच्या माणसाचे नाव येते का? पहिल्या प्रश्नाला ‘संशोधन प्रमुखांचा’ असे उत्तर आले, तर तिथे खरोखरच फोन लावण्याचे काम आहे असे समजा. तुमचे समाजशास्त्र इथे वाया जाणार नाही. नमुना निवड आणि क्षेत्रकार्य शिकलेला माणूस या पदावर अनेक डिझाइन पदवीधरांपेक्षा उजवा ठरतो, हे मी पाहिले आहे.

आता उरलेले. कोल्हापुरातल्या सॉफ्टवेअर कंपन्यांत हे स्वतंत्र पद माझ्या पाहण्यात आलेले नाही, त्यामुळे नोकरी बहुधा बेंगळुरू किंवा पुण्याच्या कंपनीची आणि घरून काम करण्याची असेल. मुख्यालयात फेऱ्या होतील. सुरुवातीचा पगार बहुधा संशोधकापेक्षा कमी असतो आणि वरच्या जागा थोड्या असतात. सर्वच संशोधक प्रमुख माझ्या वाट्याला आलेल्या गृहस्थांसारखे नसतात, हेही खरे. नंतरच्या कंपनीत मला प्रश्नावली ठरवण्याच्या पहिल्या बैठकीपासून बसवले जाते. पद कंत्राटी असेल, तर सत्र रद्द करण्याचा अधिकार नेमणूकपत्रात लिहून घेतल्याशिवाय होकार देऊ नका.