सिंहगडावर फॉसिल शोधणाऱ्यांसाठी

अरे सिंहगडावर डायनोसॉरचं हाड शोधत फिरू नकोस, मीपण पहिलं वर्ष त्यातच घालवलं. इथला काळा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा, त्यात हाडं कुठून येणार, साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे डायनोसॉर संपले त्याच सुमाराचा, आता उल्कापाताने संपले की या लाव्हाच्या गॅसचापण हात होता यावर अजून भांडणं चालूयेत. घाटात गाडी बाजूला घे नि कड्यातले आडवे थर बघ, एकेक थर म्हणजे लाव्हाचा एकेक लोट. दगडात पांढरे चमकणारे खडे दिसतील, ते झिओलाइट नावाचं खनिज, दात नव्हेत (मी दात समजून घरी आणलेले!). डायनोसॉरची हाडंच बघायची तर चंद्रपूरकडचं पिसदुरा गाव गाठ.