हँडबिलावर ‘संगीत’ या शब्दापुढे नाव कुणाचं घालायचं?

वेंगुर्ल्याच्या एका ताईंनी विचारलंय. त्यांचं हौशी मंडळ ‘पंडितराज जगन्नाथ’ बसवतंय, प्रयोगाची लेखी परवानगी मिळालीय, आता हँडबिल छापायला टाकायचंय आणि मंडळात वाद पडलाय की ‘संगीत’ पुढे वसंत देसाईंचं नाव घालायचं की सगळी पदं बसवून घेणाऱ्या पेटीवाल्या बुवांचं. शिवाय ‘मूळ संगीत’, ‘संगीत दिग्दर्शन’, ‘संगीत मार्गदर्शन’, ‘सौजन्य’ यातलं कुठलं कधी वापरायचं तेही त्यांना हवंय.

ताई, ‘संगीत’ पुढे वसंत देसाई, दुसरं कुणी नाही. १९६० साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकाची संहिता आणि पदं विद्याधर गोखल्यांची, चाली देसाईंच्या, आणि देसाई तर आपल्या कुडाळकडच्या सोनवड्याचे, निदान सिंधुदुर्गातल्या हँडबिलावरून तरी त्यांचं नाव गळू नये असं मला अगदी मनापासून वाटतं.

वाद का पडतो तर आपल्याकडे या एका शब्दाला तीन कामं लावलीयत. ‘संगीत सौभद्र’, ‘संगीत शारदा’ यातलं ‘संगीत’ हे नाटकाचा प्रकार सांगतं, तिथे श्रेयाचा संबंध नाही. दुसरं ‘संगीत : अमुक’, म्हणजे चाली कुणी बांधल्या ते. आणि तिसरं गद्य नाटकांच्या आणि एकांकिकांच्या हँडबिलावरचं, तिथे ‘संगीत’ म्हणजे पार्श्वसंगीत, प्रसंगाला साजेसे तुकडे निवडून विंगेत बसून वाजवणारा मंडळाचाच माणूस. हौशी मंडळी वर्षभर एकांकिका करतात, हात त्या तिसऱ्या अर्थाला सरावलेला असतो, मग संगीत नाटक घेतलं की तोच रकाना तसाच उतरतो आणि त्यात घरचं नाव जातं, कुणाच्या मनात काही वाईट नसतं पण चाल बांधणारा माणूस कागदावरून पुसला जातो.

जुनी मंडळी याबाबतीत फार चोख होती. अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ १८८० चं आणि ‘सौभद्र’ १८८२ चं, पदं लिहिणारे तेच, आणि पुष्कळ चाली आधीच लोकांच्या तोंडी असलेल्या. तेव्हाच्या छापील नाटकांत पदाच्या डोक्यावर ‘चाल :’ असं लिहून ज्या गाण्यावरून ती घेतली त्याचा पहिला चरण दिलेला असायचा, माझ्या मते श्रेय देण्याची याहून नेमकी रीत नंतर कुणी काढलेली नाही. पुढे १९११ च्या ‘मानापमाना’त पदं खाडिलकरांची आणि चाली गोविंदराव टेंब्यांच्या, म्हणजे लेखक एक आणि संगीतकार दुसरा, तेव्हापासून दोन नावं दोन ओळींत लागतात.

आता बुवांचं. त्यांना ‘संगीत मार्गदर्शन’ द्या, तोच बरोबर शब्द आहे. ‘संगीत दिग्दर्शन’ नको, कारण सिनेमामुळे संगीत दिग्दर्शक म्हणजे चाली करणारा हेच लोकांच्या डोक्यात पक्कं आहे. बुवा प्रयोगात स्वतः पेटी किंवा ऑर्गनवर बसणार असतील तर ‘साथ’ मध्ये त्यांचं नाव पुन्हा येऊ दे, दोनदा आलं तर बिघडत नाही, मेहनत दोन ठिकाणची आहे. वेळेअभावी तुम्ही एखाद्या पदाची नवी चाल लावली असेल, अर्थात परवानगी घेऊन, तर त्या पदाचं नाव देऊनच तसं लिहा.

‘मूळ संगीत’ हा शब्द मला खटकतो. ‘मूळ’ म्हटलं की आताचं वेगळं आहे असा अर्थ लागतो, मग चाली त्याच गाणार असाल तर ‘मूळ’ कशाला? ‘मूळ लेखक’चंही तेच, भाषांतर किंवा रूपांतर असेल तिथेच तो शोभतो. पाच अंकी नाटक कापून अडीच तासात बसवलं असेल तर कापणाऱ्यासाठी मराठीत ‘रंगावृत्ती’ हा छान शब्द आहे, तो वापरा, लेखकाच्या ओळीत त्याला बसवू नका, आणि कापायलाही परवानगी लागते बरं का.

‘सौजन्य’ वस्तू किंवा जागा देणाऱ्याचं, हॉल, दागिने, जनरेटर वगैरे. परवानगी देणाऱ्या वारसांचे ‘आभार’. रचनाकाराला यातलं काहीच नाही, त्याचं सरळ नाव. त्यापुढे ‘कै.’ सुद्धा नको असं मला वाटतं, पुस्तकाच्या कव्हरावर आपण कुठे लावतो?

आणि हा नुसता शिष्टाचार नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५७ बघा, हक्क दुसऱ्याला विकले तरी आपलं नाव लावून घ्यायचा हक्क कर्त्याकडेच राहतो, आणि संगीताच्या बाबतीत कर्ता म्हणजे संगीतकार असं तोच कायदा म्हणतो. तिकीट न लावता हौशी मंडळानं केलेल्या प्रयोगाला कायद्यात सवलत आहे, ती परवानगीपुरती समजा, नावं गाळायची नव्हे. अमेरिकेत म्युझिकलचे हक्क घेतले की नावांचा क्रम आणि नाटकाच्या नावाच्या मानानं त्यांचा टाइप किती टक्के मोठा हवा हेसुद्धा करारात येतं. १९५७ च्या ‘वेस्ट साइड स्टोरी’ला लॉरेंट्स संहितेचे, बर्नस्टाइन संगीताचे, साँडहाइम गीतांचे, आणि कल्पना जेरोम रॉबिन्सची म्हणून तीही वेगळी ओळ. आपल्याकडे टाइपाचं बंधन नसेल पण निदान प्रमुख पाहुण्यांपेक्षा लहान अक्षरात लेखक-संगीतकार छापू नका.

एक राहिलंच. प्रयोगाचे मोबाइलवरचे तुकडे दुसऱ्या दिवशी सगळीकडे फिरतात आणि त्यांच्यासोबत हँडबिल जात नाही. रेकॉर्डिंग टाकायची परवानगी वेगळी मागावी लागते, ती मिळाली असेल तर व्हिडिओखाली आधी पद, मग ‘गीत : विद्याधर गोखले, संगीत : वसंत देसाई’, मग गाणाऱ्याचं नाव आणि साथीला बुवा, या क्रमानं लिहा.