ऋतू बदलताना : चिनी वैद्यकाविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : शरद ऋतू लागला की घसा कोरडा पडतो आणि कोरडी ढास लागते. त्यावर यिन-अर या पांढऱ्या अळंबीचं सूप करते, पण ते पातळच राहतं. अळंबी रात्रभर भिजवावी का?

उत्तर : रात्रभर मुळीच भिजवू नका. जास्त वेळ, विशेषतः उबदार हवेत भिजत पडलेल्या अळंबीत एक जिवाणू वाढून बॉन्ग्क्रेकिक आम्ल नावाचं विष तयार करू शकतो. ते कितीही उकळलं तरी नष्ट होत नाही आणि त्याने माणसं दगावली आहेत. थंड पाण्यात एक ते दोन तास पुरतात. भिजलेली अळंबी चिकट, बुळबुळीत लागली किंवा तिला वास आला तर टाकून द्या.

सूप दाट न होण्याचं कारण बहुतेक वेळा भिजवण्यात नसतं, चिरण्यात आणि आचेत असतं. देठाकडचा पिवळा कडक भाग काढून टाका आणि उरलेल्या अळंबीचे नखाएवढे तुकडे करा. तुकडे मोठे राहिले तर आतला चीक पाण्यात उतरत नाही. १५ ग्रॅम सुक्या अळंबीला दीड लिटर पाणी घ्या, मोठ्या आचेवर उकळी आणा, मग झाकण ठेवून मंद आचेवर दीड ते दोन तास शिजवा. शेवटच्या अर्ध्या तासात पेअरच्या फोडी आणि खडीसाखर घाला, गोजी बेरी उतरवण्याआधी दहा मिनिटं. मधुमेह असेल तर खडीसाखर वगळा. खरेदी करताना पांढरीशुभ्र अळंबी टाळा. ती बऱ्याचदा गंधकाची धुरी दिलेली असते. चांगल्या अळंबीचा रंग किंचित पिवळसर असतो.

चिनी वैद्यकात शरद ऋतू फुफ्फुसांचा आणि त्यातला मुख्य त्रास कोरडेपणाचा. म्हणून हे सूप कोरड्या खोकल्यासाठी. पातळ, पांढरा कफ पडत असेल किंवा पोट सैल असेल तर ते घेऊ नका. खोकला तीन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला, ताप आला किंवा थुंकीत रक्त दिसलं तर सूप बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा.

प्रश्न : दमा हिवाळ्यात वाढतो, मग पाठीवरचे औषधी लेप ऐन उन्हाळ्यात का लावतात? घरी लावता येतील का?

उत्तर : या उपचाराला सानफू लेप म्हणतात. उन्हाळ्यात शरीरातली यांग, म्हणजे ऊब देणारी शक्ती भरात असते, त्वचेची रंध्रं मोकळी असतात. तेव्हाच थंडीच्या विकाराची मुळं उखडावीत, असा यामागचा विचार आहे. 'सानफू' म्हणजे वर्षातल्या सर्वात उष्ण दिवसांचे तीन टप्पे. उन्हाळी अयनदिनानंतरच्या, म्हणजे वर्षातल्या सर्वात मोठ्या दिवसानंतरच्या, तिसऱ्या 'गंग' दिवशी पहिला टप्पा सुरू होतो. जुन्या चिनी दिनगणनेतला हा गंग दिवस दर दहा दिवसांनी येतो, त्यामुळे सुरुवात ११ ते २१ जुलैच्या दरम्यान पडते. प्रत्येक टप्प्यात निदान एकदा लेप लावतात.

जुन्या पाठात पांढरी मोहरी आणि यानहूस्वो, गानस्वेइ, शीशिन या चिनी औषधी वनस्पती यांची पूड आल्याच्या रसात कालवतात. लेप प्रामुख्याने पाठीवरच्या फेइशू या अॅक्युपंक्चर बिंदूवर लावतात. तिसऱ्या वक्षीय मणक्याच्या टोकाखाली, मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंना दीड छुन, म्हणजे रुग्णाच्या स्वतःच्या अंगठ्याच्या दीड रुंदीइतकं अंतर मोजायचं.

घरी लावू नका, हे आमचं ठाम मत आहे. गानस्वेइ विषारी आहे, शीशिनमध्ये मूत्रपिंडाला घातक अॅरिस्टोलोकिक आम्ल असू शकतं आणि मोहरीचा तिखट अंश त्वचा भाजतो. थोडी लाली व उष्णता अपेक्षित असते, पण आग असह्य झाली तर ठरलेली वेळ भरायची वाट न पाहता लेप काढावा. फोड जितका मोठा तितका गुण जास्त, हा समज चुकीचा आहे. फोडामुळे जंतुसंसर्ग होतो आणि व्रण राहतो. गरोदरपण, ताप, त्वचेवर जखम किंवा व्रण जाड होण्याची प्रवृत्ती असेल तर हा उपचार घेऊच नये. आणि इनहेलर? तो एकही दिवस बंद करायचा नाही.

प्रश्न : ऋतूनुसार झोपेच्या वेळा बदलाव्यात का?

उत्तर : 'हुआंगदी नेइजिंग' या प्राचीन ग्रंथात सांगितलं आहे की वसंतात आणि ग्रीष्मात उशिरा निजून लवकर उठावं, शरदात लवकर निजून कोंबडा आरवताना उठावं आणि हिवाळ्यात लवकर निजून सूर्य वर येईपर्यंत थांबावं. 'उशिरा' म्हणजे जागरण नव्हे. दिवस मोठा म्हणून थोडी उशिरा, एवढंच.

प्रश्न : हिवाळ्यात दांगग्वेइ ही चिनी औषधी मुळी, आलं आणि मटण यांचं सूप घेतो. वडिलांना रक्त पातळ करणारी गोळी सुरू आहे. त्यांना चालेल का?

उत्तर : नाही. दांगग्वेइमुळे वॉरफॅरिन या रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा परिणाम वाढून रक्तस्राव होऊ शकतो. इतर गोळी असेल तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. दांगग्वेइ काढून नुसतं आलं-मटण करता येईल, पण तेही आधी विचारूनच.

तुमच्यासाठी प्रमाण : ५०० ग्रॅम मटण, ३० ग्रॅम आलं, १० ग्रॅम दांगग्वेइ. मटण आधी उकळत्या पाण्यातून काढा, फेस टाका, मग दीड तास मंद आचेवर शिजवा. दांगग्वेइ वाढवलं तर सूप कडवट होतं. मुळात हे सूप थंडीने दुखणाऱ्या पोटासाठी आहे. तोंड आलं असेल, बद्धकोष्ठ असेल किंवा जिभेवर पिवळा थर दिसत असेल तर त्या दिवसांत ते बंद ठेवा.