वाचकांचे प्रश्न : प्रेसवरचा गार्ड आणि टाकीतला वायू

प्रश्न : भोसरीतील एका लहान प्रेस शॉपमध्ये मी सुपरवायझर आहे. गेल्या महिन्यात आमच्या एका ऑपरेटरची उजव्या हाताची दोन बोटे पत्रा दाबून कापणाऱ्या पॉवर प्रेसमध्ये गेली. जॉब, म्हणजे प्रेसवर बनणारे भाग, लवकर निघावेत म्हणून त्याने गार्ड, म्हणजे हात आत जाऊ न देणारा अडसर, काढून ठेवला होता. चूक त्याची असल्यामुळे भरपाई देण्याचा प्रश्न येत नाही, असे मालक म्हणतात. यापुढे सगळ्या प्रेसना, हात आत येताच प्रकाशाच्या पडद्यावरून ते ओळखून यंत्र थांबवणारे सेन्सर बसवायचे त्यांनी ठरवले आहे. हे योग्य आहे का?

उत्तर : भरपाईबाबत मालकांची समजूत चुकीची आहे. सुरक्षेसाठी दिलेला गार्ड कामगाराने जाणूनबुजून काढला, तर मालकाला बचाव मिळू शकतो, हे खरे आहे. मात्र मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले असेल, तर तो बचाव चालत नाही, आणि इतर प्रकरणांतही गार्ड खरोखर पुरवलेला होता, तो कशासाठी आहे हे कामगाराला माहीत होते आणि तरीही त्याने तो हेतुपूर्वक काढला, हे सारे मालकाला सिद्ध करावे लागते. गार्ड काढलेली प्रेस रोज सर्वांच्या डोळ्यांदेखत चालत असेल आणि टार्गेट पूर्ण होते म्हणून कोणी काही बोलत नसेल, तर हा बचाव टिकणे फार कठीण आहे. त्या ऑपरेटरच्या पगारातून ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याची वर्गणी, कापली जात असेल, तर त्याची बाजू अधिकच भक्कम आहे, कारण नियम मोडून केलेले कामही मालकाच्या धंद्यासाठीच केलेले असेल, तर तो अपघात कामावरचाच धरला जातो. एका हाताची दोन बोटे गमावल्यास कमावण्याच्या क्षमतेत २० टक्के घट झाली असे कायद्याच्या परिशिष्टात ठरवून दिलेले आहे, आणि त्या प्रमाणात त्याला लाभ मिळतो.

आता सेन्सरविषयी. येथे मला आपल्याला थांबवायचे आहे, कारण चुकीच्या प्रेसवर बसवलेला सेन्सर गार्ड नसण्यापेक्षाही घातक ठरू शकतो. लहान कारखान्यांतील बऱ्याच जुन्या प्रेस पिन क्लचच्या असतात. पेडल दाबून पिन एकदा बसली, की क्रँकशाफ्टचा, म्हणजे यंत्राच्या फिरत्या दांड्याचा, पूर्ण फेरा झाल्याशिवाय रॅम, म्हणजे वरून खाली येऊन दाबणारा भाग, थांबत नाही. प्रकाशाचा पडदा तुटल्याचे सेन्सरला कळले, तरी अर्ध्यावर आलेला रॅम थांबवण्याची सोयच त्या यंत्रात नसते, आणि ऑपरेटर मात्र सेन्सरच्या भरवशावर हात आत घालू लागतो. घर्षण क्लच आणि चांगला ब्रेक असलेल्या, म्हणजे स्ट्रोकच्या (रॅमच्या एका खाली-वर फेरीच्या) मध्येच थांबू शकणाऱ्या प्रेसवरच सेन्सरचा उपयोग होतो. तेथेही तो डायपासून, म्हणजे जॉब जेथे दाबला जातो त्या साच्यापासून, किती दूर लावला आहे, यावर सारे अवलंबून असते. हाताचा वेग सेकंदाला सुमारे १.६ मीटर धरतात. त्यामुळे प्रेस थांबायला ०.२ सेकंद लागत असतील, तर सेन्सर डायपासून किमान ३२ सेंटीमीटर दूर हवा, आणि प्रत्यक्षात त्याहून थोडा अधिकच. ब्रेकचे लायनिंग झिजले, की थांबण्याचा वेळ वाढतो आणि कालपर्यंत पुरेसे असलेले अंतर आज अपुरे पडते. सेन्सर विकणाऱ्याने थांबण्याचा वेळ मोजून दिला नसेल, तर ती खरेदी करू नये.

पिन क्लचच्या प्रेससाठी जुनाच उपाय खरा आहे : पत्र्याची पट्टी आत जाईल पण बोट जाणार नाही एवढीच फट ठेवणारा पक्का गार्ड. जॉब हाताने एकेक करून ठेवावा लागत असेल, तर तो बाहेरून सरकवण्याची सोय डायलाच करून घ्यावी, किंवा चिमटा अथवा चुंबक द्यावा. या खर्चाला मालक का कू करतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. परंतु ऑपरेटरने गार्ड का काढला, याचे उत्तर बहुधा याच ठिकाणी सापडते. त्या गार्डमुळे जॉब आत जाण्यास अडथळा होत होता आणि टार्गेट मात्र गार्ड नसल्याप्रमाणे ठरवलेले होते. दोन्ही हातांनी दाबायची बटणे बसवली असतील, तर त्यांपैकी एक बटण पॅकिंगचा तुकडा खोचून दाबून ठेवले जात नाही ना, हे प्रत्येक शिफ्टमध्ये तपासण्याची जबाबदारी सुपरवायझर म्हणून आपली आहे.

यंत्र चालू असताना गार्ड जागेवर असलाच पाहिजे, हे १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या २१ व्या कलमाने सांगितले होते. तो कायदा आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत विलीन झाला असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. कामाची जागा इजा होईल अशा धोक्यांपासून मुक्त ठेवण्याचे कर्तव्य तीही मालकावरच टाकते. ऑपरेटर कितीही सावध असला, तरी शिफ्टच्या शेवटच्या तासात, हजारो स्ट्रोकनंतर, हात आणि डोळे यांचा मेळ एखाद्या क्षणी चुकतोच. त्या क्षणाचा विचार करूनच यंत्र बांधलेले असले पाहिजे.

प्रश्न : माझे पती तळोज्यातील एका रासायनिक कारखान्यात ठेकेदाराकडे काम करतात. सांडपाण्याच्या टाकीत उतरून गाळ काढायला त्यांना सांगितले जाते. वास येत नसेल तर धोका नाही, असे ठेकेदार म्हणतो. आम्ही काय करावे?

उत्तर : ताई, ठेकेदाराचे हे म्हणणे जिवावर बेतणारे आहे. अशा गाळातून हायड्रोजन सल्फाइड हा वायू निघतो. थोडा असताना त्याला सडक्या अंड्यांसारखा वास येतो, पण प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच तो बधिर करतो. वास येईनासा झाला, याचा अर्थ वायू वाढला असाही असू शकतो. शिवाय बंद टाकीत प्राणवायू कमी झाला, तर त्याला कसलाच वास नसतो. हवेत तो सुमारे २०.९ टक्के असतो, १९.५ टक्क्यांच्या खाली गेल्यास टाकीत उतरू नये. हे नाकाने कळत नाही, त्यासाठी मीटरच लागतो.

कारखाने अधिनियमाच्या ३६ व्या कलमात याची रीत स्पष्ट सांगितलेली होती, आणि ती आजही तितकीच आवश्यक आहे. सक्षम व्यक्तीने स्वतः तपासणी करून टाकी सुरक्षित असल्याचे लेखी द्यावे. तसे नसेल, तर उतरणाऱ्याने श्वसनयंत्र लावावे, त्याच्या पट्ट्याला दोर बांधलेला असावा आणि दोराचे दुसरे टोक बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या हाती असावे. आत न्यायचा दिवा २४ व्होल्टपेक्षा जास्त नसावा. आपल्या पतींना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगा : आत कोणी कोसळले, तर श्वसनयंत्राशिवाय त्याच्यामागे उतरायचे नाही. टाकीच्या अपघातांत एकापाठोपाठ एक माणसे जातात ती याच कारणाने, आणि जाणारा बहुतेक वेळा सोबत्याला वाचवायलाच गेलेला असतो.

गंभीर इजेची वाजवी भीती असेल, तर तसे मालकाला आणि त्याच वेळी सरकारी निरीक्षकाला कळवण्याचा हक्क कामगाराला आहे. महाराष्ट्रात हे काम औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे आहे. आपले पती ठेकेदाराचे कामगार असले, तरी मूळ कारखान्याची जबाबदारी संपत नाही. तक्रार लेखी करावी आणि पोच घ्यावी.

प्रश्न : माझ्या भावाचा पाय कारखान्यात मोडला, पण रुग्णालयात ‘घरी घसरून पडलो’ असे सांगायला लावले. सगळा खर्च करू, असे मालक म्हणतात. आता काही करता येईल का?

उत्तर : करता येईल, पण उशीर करू नये. ज्या अपघातामुळे कामगार ४८ तास किंवा त्याहून अधिक काळ कामावर येऊ शकत नाही, त्याची सूचना सरकारला देणे मालकाला बंधनकारक आहे, आणि ‘घरी पडलो’ ही नोंद नेमकी तीच टाळण्यासाठी करवून घेतली जाते. केस पेपरवर अशी नोंद राहिली, तर पुढे पायात दोष राहिल्यास कायमच्या अपंगत्वाचा लाभ मागणे कठीण होते, आणि खर्च करण्याचे तोंडी आश्वासन तेव्हा उपयोगी पडत नाही. भावाने डॉक्टरांना खरी हकीकत सांगून ती तारखेसह लिहून घ्यावी, त्या दिवसाच्या हजेरीची प्रत आणि सोबत काम करणाऱ्या दोघांची नावे जपून ठेवावीत, आणि मालकाला, तसेच विमा असेल तर ईएसआयच्या शाखा कार्यालयाला, अपघाताची लेखी सूचना याच आठवड्यात द्यावी.